कार्ब्युरेटर दोन नटांचा, काम मात्र दांडी आणि स्प्रिंगांचं

छोट्या इंजिनवरून कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, उतरवायचा म्हणजे दहाच्या पान्याने दोन नट, एअर क्लीनरचा एक बोल्ट आणि पेट्रोलची नळी एवढंच सोडायचं असतं. सवयीच्या हाताला त्यात फारसा वेळ लागत नाही. मी हे काम केलं तेव्हा माझा बराचसा वेळ कार्ब्युरेटरवर गेलाच नाही. तो गेला कार्ब्युरेटरला गव्हर्नरशी (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेशी) जोडणाऱ्या एका वाकड्या तारेवर, म्हणजे दांडीवर, आणि तिच्या आसपासच्या दोन स्प्रिंगांवर. नवीन कार्ब्युरेटर बसवूनही इंजिन पहिल्यासारखंच रडतं अशी तक्रार करणारे पुष्कळ जण भेटतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी हा भाग जुनाच ठेवलेला असतो किंवा अंदाजाने अडकवलेला असतो.

इंजिन पाण्याच्या पंपावरचं, एका सिलिंडरचं, फोर स्ट्रोक, १६३ सीसी. होंडाच्या जीएक्स १६० या घडणीची इंजिनं जगभर अनेक जण बनवतात, त्यांतलंच एक. ते बरेच महिने टाकीत पेट्रोल ठेवून तसंच पडून होतं. चालू केलं तर चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) लावल्यावर पटकन सुरू व्हायचं, पण चोक पूर्ण उघडला की रेस वर-खाली व्हायला लागायची. आवाज चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, दम लागलेल्या माणसाच्या छातीसारखा. गंमत म्हणजे पंपाने पाणी उचलायला सुरुवात केली, इंजिनवर लोड आला, की हे चढउतार जवळजवळ थांबत. लोड काढला की पुन्हा सुरू. मेकॅनिक मंडळी याला हंटिंग म्हणतात.

या लक्षणातच रोगाचं निम्मं निदान आहे. गव्हर्नर असलेलं इंजिन लोडशिवाय चालतं तेव्हा त्याची थ्रॉटलची चकती (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी) जवळजवळ मिटलेली असते, मग रेस भले मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांची असो. चकती मिटलेली असताना मुख्य जेटमधून (पेट्रोल मापून सोडणाऱ्या मोठ्या भोकातून) पेट्रोल फारसं ओढलंच जात नाही. बहुतेक पेट्रोल येतं पायलट जेटमधून आणि चकतीच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर तिथे बसला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. हवा त्याहून फार वाढली की जाळ नीट धरत नाही, रेस पडते. रेस पडली की गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मुख्य जेट जागा होतो, रेस उसळते, गव्हर्नर पुन्हा मिटवतो आणि आपण पुन्हा त्या तुंबलेल्या पायलट जेटवर येऊन पडतो. लोड असताना थ्रॉटल मुळातच उघडी राहते, कारभार मुख्य जेटकडे जातो, म्हणून आवाज स्थिर होतो. गव्हर्नर बिचारा आपलं काम इमानदारीने करत असतो, आणि लोक पहिला संशय त्याच्यावरच घेतात.

हा छळ तसा जुनाच आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. पुढे गव्हर्नर कधी स्थिर राहतो आणि कधी झोके घेत सुटतो याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. विजेचं नि चुंबकाचं कोडं सोडवणाऱ्या माणसालाही या वर-खाली होणाऱ्या रेसने कामाला लावलं होतं, हे वाचल्यावर मला माझ्या पंपाबद्दल जरा आदर वाटायला लागला.

नवीन भाग आणण्याआधी काही गोष्टी तपासल्या. चोक अर्धा मिटवला की हंटिंग थांबतं का? थांबत होतं. याचा अर्थ मिश्रण पातळच होतं. पातळ होण्याची कारणं मात्र दोन असू शकतात: एक तर पेट्रोल कमी येतंय, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. बाउलच्या (कार्ब्युरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाचा ड्रेन बोल्ट सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं. रंग चहाकडे झुकलेला, वास पेट्रोलचा कमी आणि वॉर्निशचा जास्त, आणि बरणीच्या तळाशी वेगळा थर. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात. मुख्य जेटचं तोंड बाउलच्या तळाजवळ असतं, त्यामुळे जेटला नेमका तोच थर प्यायला मिळतो.

खरं तर एवढ्यावर कार्ब्युरेटर बदलायची गरज नव्हती. मी तो आधी उघडून साफच केला. जेट काढले, तांब्याच्या वायरचा एकच बारीक धागा भोकांतून फिरवला (स्टीलची तार किंवा सुई घालू नये, भोक मोठं होतं आणि जेट कामातून जातो), क्लीनर मारला, हवा मारली. हंटिंग कमी झालं, गेलं नाही. तेव्हा थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून हलवून पाहिला. तो नुसता फिरत नव्हता, वर-खालीही खेळत होता. कार्ब्युरेटरची बॉडी मऊ धातूची, त्यात स्टीलचा दांडा वर्षानुवर्षं थरथरत राहिलेला. भोक लांबट झालं होतं. दांड्याच्या बाजूने हवा आत जायची, तीही चकतीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला. हा खेळ कुठल्याही क्लीनरने जात नाही. बाउलच्या आतल्या भिंतींवर बुरशीसारखा पांढरा खरबरीत थर चढला होता तो वेगळाच. बुशिंग ठोकून बॉडी दुरुस्त करणारे कारागीर असतात, पण एवढ्याशा कार्ब्युरेटरसाठी तो खटाटोप मला पटला नाही.

दांडा खेळत होता म्हणून त्याला जोडलेली गव्हर्नरची तारही बघितली. तिची टोकं इंग्रजी झेडसारखी वाकवलेली असतात आणि थ्रॉटलच्या लिव्हरमधल्या भोकात अडकतात. टोकाची तार एका बाजूने घासून चपटी झालेली, लिव्हरचं भोक अंड्याच्या आकाराचं. बारीक स्प्रिंगच्या एका टोकाचा आकडा उघडायला आलेला. मग ठरवलं की बदलायचं तर सगळंच: कार्ब्युरेटर, गॅस्केट, तार, दोन्ही स्प्रिंगा.

कार्ब्युरेटर निवडताना इंजिनाचं नुसतं नाव सांगून भागत नाही. एकाच घडणीच्या इंजिनावर जनरेटरसाठी वेगळा, पंपासाठी वेगळा, टिलरसाठी वेगळा असे निरनिराळे कार्ब्युरेटर येतात. काहींना पेट्रोलचा कॉक अंगचाच असतो, काहींना नसतो. चोकची लिव्हर कधी लांब, कधी नुसता खुंट. मी इंजिनावर ठोकलेला मॉडेल आणि टाइप नंबर टिपून घेतला. जोडीला जुन्या कार्ब्युरेटरची मापं घेतली: गळ्याचा आतला व्यास, दोन स्टडच्या भोकांमधलं अंतर, नळीचं तोंड कुठल्या बाजूला वळलंय आणि थ्रॉटलच्या लिव्हरला कुठल्या टोकाला किती भोकं आहेत. शेवटचं माप बहुतेक जण घेत नाहीत. दांडीचा सगळा हिशेब त्या भोकावर उभा असतो, म्हणून मी तेच सर्वांत आधी घेतलं. मुख्य जेटवरचा आकडाही लिहून ठेवला. उंचावरच्या प्रदेशात इंजिन चालवायचं असेल तर हा आकडा फार महत्त्वाचा. साधारण १५०० मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की नेहमीच्या जेटने मिश्रण जाड होतं आणि लहान जेट घालावा लागतो.

काढायला घेताना आधी कॉक बंद केला, प्लगची टोपी काढून बाजूला बांधली. मग मोबाइलवर फोटो काढले. पण एक सांगतो, समोरून काढलेल्या एका फोटोने काही कळत नाही. स्प्रिंगा आणि तार एकमेकांआड जातात. वरून, टाकीच्या बाजूने आणि सायलेन्सरच्या बाजूने असे वेगवेगळे फोटो हवेत, आणि त्याहून उपयोगी म्हणजे कागदावर पेन्सिलने काढलेली ओबडधोबड आकृती. आकृती काढताना कोणती स्प्रिंग कुठल्या भोकातून निघून कुठे जाते हे डोक्याला पक्कं करावंच लागतं, फोटो काढताना डोकं बाजूला ठेवता येतं.

एअर क्लीनरचं झाकण, फिल्टर, मग बैठक. बैठकीला मागून क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीची) ब्रीदर नळी जोडलेली असते, ती विसरून ओढली तर फाटते. बैठक निघाली की कार्ब्युरेटर दोन लांब स्टडवर मोकळा होतो, पण सरळ बाहेर येत नाही, कारण तार अजून अडकलेली असते. तो स्टडवरून बाहेर सरकवायचा, हातात किंचित कलता करायचा आणि तारेचं झेड टोक भोकातून फिरवून काढायचं. बारीक स्प्रिंग नाकाडी पकडीने सोडायची. जोर लावायचा प्रसंग कुठेही येत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर कोन चुकलाय.

कार्ब्युरेटरच्या मागे एक गॅस्केट, मग काळा जाडसर इन्सुलेटर, मग दुसरं गॅस्केट आणि त्यानंतर सिलिंडर हेड. हेडची उष्णता कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचू नये म्हणून हा इन्सुलेटर असतो. नाहीतर गरम इंजिन बंद केल्यावर बाउलमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि पुन्हा सुरू करताना नाकी नऊ येतात. इन्सुलेटरच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून काढण्याआधी त्यावर वरची बाजू आणि बाहेरची बाजू खडूने खूण करून ठेवली. जुनी गॅस्केटं चिकटून बसली होती. ती प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडली. ब्लेडने घाई केली तर ॲल्युमिनियमवर चर पडते आणि त्या चरीतून पुन्हा तीच फुकटची हवा.

आता गव्हर्नरबद्दल दोन शब्द, कारण इथून पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं. या इंजिनात क्रँककेसच्या आत एक छोटं गिअर फिरतं, त्यावर वजनं असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि एका सरकणाऱ्या टोपीला ढकलतात. टोपी एक आडवा दांडा फिरवते. हा दांडा इंजिनाच्या बाहेर येतो, त्याला एक लांब आर्म चावून बसवलेला असतो. आर्मच्या वरच्या टोकापासून आपली तार थ्रॉटलला जाते. म्हणजे वजनं सतत थ्रॉटल मिटवायला बघतात. आर्मला लावलेली जाड स्प्रिंग सतत थ्रॉटल उघडायला बघते. आपण हाताने जी रेसची लिव्हर सरकवतो ती थ्रॉटलला थेट हात लावतच नाही, ती फक्त या जाड स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करते. वजनं आणि स्प्रिंग यांची रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते तो इंजिनाचा वेग.

हे एकदा समजलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. इंजिन बंद असताना रेसची लिव्हर पुढे केली तर थ्रॉटल पूर्ण उघडी का दिसते? कारण वजनं झोपलेली आहेत, स्प्रिंगला कोणी विरोधच करत नाही. तार चालू इंजिनावर निसटली तर काय होईल? थ्रॉटल मिटवणारा कोणी उरणार नाही आणि इंजिन वाटेल तेवढं पळेल. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसमधून बाहेर आलेली इंजिनं असतात, त्यातली काही अशीच गेलेली असतात.

जाड स्प्रिंगच्या शेजारी, तारेलाच समांतर, एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती बघून ओळखीच्या एका मेकॅनिक काकांनी मला सल्ला दिला, "अहो, ती काढून टाका, काही होत नाही. उगाच झंझट." काकांचा हात चांगला आहे, पण या बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. तार भोकात सैलच असावी लागते, नाहीतर ती अडकेल. पण सैल म्हणजे गव्हर्नरने ढकलल्यावर थ्रॉटल हलण्याआधी थोडी पोकळ हालचाल वाया जाणार. ही बारीक स्प्रिंग तार आणि लिव्हर यांना एकाच बाजूला ओढून धरते आणि ती पोकळी खाऊन टाकते. ती नसली तरी इंजिन चालतं, हे खरं. पण कंपनामुळे तार भोकात खडखडत राहते, भोक लांबट होतं आणि रेस बारीक-बारीक हलत राहते. माझ्या जुन्या लिव्हरचं अंडाकृती भोक त्याच आकडा उघडलेल्या स्प्रिंगची देणगी होती असं माझं मत आहे.

नवे भाग हातात आल्यावर लगेच बसवले नाहीत. जुनी आणि नवी तार टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. कार्ब्युरेटरच्या संचात आलेली तार जुन्या तारेपेक्षा किंचित लांब निघाली, डोळ्याला सहज न दिसणारी, पण दोन्हींची एक बाजू जुळवली की दुसऱ्या बाजूला तारेच्या जाडीएवढा फरक. एवढ्याने काय बिघडतं? तारेची लांबी हा आर्म आणि चकती यांच्यातला करार आहे. तो बदलला की आर्म एका टोकाला असताना चकती पूर्ण उघडत नाही किंवा दुसऱ्या टोकाला पूर्ण मिटत नाही. आर्म नव्याने जुळवून हे काही अंशी सांभाळता येतं, पण कोन बदलतात ते बदलतातच. वाकवून लांबी कमी करायचाही मोह होतो. वाकवलेली तार कंपनाने हळूहळू सरळ व्हायला बघते, म्हणून तो विचार सोडला आणि इंजिनाच्या टाइप नंबरप्रमाणे वेगळी तार मागवली. ती जुन्या तारेवर तंतोतंत बसली.

स्प्रिंगांचंही तेच. वेढे मोजले, तारेची जाडी पाहिली, मोकळी लांबी जुळवली. आर्मवर जाड स्प्रिंगसाठी एकापेक्षा जास्त भोकं होती. स्प्रिंग आर्मच्या खिळीजवळच्या (आर्म ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या जवळच्या) भोकात लावली तर गव्हर्नर तिखट होतो, वेगातल्या जराशा फरकालाही उत्तर देतो, आणि अति झालं की तोच हंटिंग करायला लागतो. दूरच्या भोकात लावली तर शांत राहतो, पण लोड आल्यावर वेग जास्त पडू देतो. मी जुन्या स्प्रिंगची खूण ज्या भोकाच्या कडेला घासलेली दिसली तेच भोक धरलं. कारखान्यात कोणीतरी विचार करून निवडलेलं भोक बदलायला सबळ कारण लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

नवीन कार्ब्युरेटरसुद्धा उघडून पाहावा असं माझं ठाम मत आहे. पिशवीतून काढला आणि लावला असं करू नये. बाउल उघडला तर कडेला घडणावळीतला धातूचा बारीक कीस होता. तो तसाच राहिला असता तर थेट जेटमध्ये. मुख्य जेटवरचा आकडा जुन्याशी जुळला. कार्ब्युरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून हळू फुंकलं. फ्लोटच्या (बाउलमध्ये तरंगणाऱ्या तुकड्याच्या) वजनाने पेट्रोलची वाट बंद करणारी सुई बसलेली असेल तर हवा जायला नको, सरळ धरला की जायला हवी. दोन्ही बरोबर. फ्लोटची उंची या जातीच्या कार्ब्युरेटरला १३.७ मिलिमीटर सांगितलेली आहे, व्हर्नियरने मोजली तर त्याच्या आसपास भरली. फ्लोट प्लॅस्टिकचा असल्याने वाकवून जुळवायची सोयही नसते. माप फार चुकलं तर फ्लोट किंवा सुई बदलणं एवढंच हातात.

बसवताना क्रम उलटा: हेड, गॅस्केट, इन्सुलेटर, गॅस्केट, कार्ब्युरेटर, गॅस्केट, एअर क्लीनरची बैठक. गॅस्केटला सिलिकॉन किंवा कसलंही सोल्युशन लावलं नाही. साध्या सिलिकॉनला पेट्रोल फुगवतं आणि सोलून काढतं, आणि दाबून बाहेर आलेला थेंब नेमक्या हवेच्या वाटेत जाऊन बसतो. सपाट पृष्ठभाग आणि कोरं गॅस्केट, एवढं पुरतं. कार्ब्युरेटर स्टडवर पूर्ण सरकवायच्या आधी तार आणि बारीक स्प्रिंग अडकवून घ्यावी लागते, नंतर तिथे पक्कड शिरत नाही. नट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळले. अतिउत्साहाने एकच बाजू आवळली तर इन्सुलेटरला तडा जातो किंवा कार्ब्युरेटरचा कान वाकतो.

मग बोटाने चाचणी. आर्म हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. चकती मध्ये कुठे अडकता कामा नये, सोडल्यावर स्प्रिंगने आपली आपण परत यायला हवी, आणि कुठलीही स्प्रिंग टाकीला, नळीला किंवा पत्र्याला घासता कामा नये. पेट्रोलची नळी आधी नेमकी तारेच्या वाटेत येत होती. क्लिप फिरवून ती बाजूला घेतली.

आता आर्म जुळवणं, म्हणजे माझ्या मते या कामाचा गाभा. आर्म आडव्या दांड्यावर एका बोल्टने चिमटलेला असतो. तो नट सैल केला. आर्म थ्रॉटल पूर्ण उघडेल त्या दिशेला ढकलून धरला. आर्म ज्या दिशेला गेला, त्याच दिशेला आतला दांडाही पकडीने हलक्या हाताने जाईल तितका फिरवला. दोन्ही तसेच धरून नट आवळला. याने साधतं काय? इंजिन थांबलेलं असताना वजनं मिटलेली असतात आणि त्या वेळी चकती पूर्ण उघडी असायला हवी. म्हणजे वजनं जराही फाकली की ती हालचाल लगेच थ्रॉटलपर्यंत पोहोचते, मध्ये वाया जात नाही. दांडा उलट दिशेला फिरवून आवळला तर वजनं कितीही फाकली तरी चकती मिटणार नाही, आणि इंजिन बेफाम पळेल. म्हणून कोणत्या बाजूला काय होतं हे आपल्या इंजिनावर स्वतः बघूनच आवळायचं, दुसऱ्याच्या चित्रावरून नाही. माझ्या नव्या तारेची लांबी जुनीएवढीच असल्याने जुळवणीत फारसा फरक पडला नाही, पण तपासल्याशिवाय मी इंजिन सुरू केलं नसतं.

टाकी रिकामी करून धुतली, कॉकखालची गाळाची वाटी साफ केली, ताजं पेट्रोल भरलं. कॉक उघडून थोडा वेळ नुसतं बघत बसलो. बाउलच्या कडेने किंवा खालच्या बोल्टपाशी ओल येते का, नळीच्या तोंडाशी थेंब जमतो का. कोरडं होतं. चोक मिटवला, रेसची लिव्हर कमीवर ठेवली, दोरी ओढली. पहिल्यांदा सुरू करताना एक हात बंद करायच्या स्विचवर हवाच. जोडणीत काही उलटं झालं असेल तर ते पहिल्या काही सेकंदांत रेस चढून कळतं, आणि तेव्हा स्विच शोधत बसायला वेळ नसतो.

सुरू झालं, चोक हळूहळू उघडला, रेस पडली नाही. गरम होऊ दिलं. मग इंडक्शन टॅकोमीटर लावला, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा असतो तो. त्यावर आधी आकडा आला नेहमीच्या दुप्पट. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. फोर स्ट्रोक इंजिनात पेट्रोल दोन फेऱ्यांत एकदा जळतं, पण या लहान इंजिनांत फ्लायव्हीलवरचं चुंबक प्रत्येक फेरीला कॉइलसमोरून जातं, त्यामुळे ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, एक कामाची, एक धुराच्या स्ट्रोकला फुकट. टॅकोमीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरून चालला होता. सेटिंग एका फेरीला एक ठिणगी असं केलं आणि आकडा जागेवर आला.

आयडल, म्हणजे रेस पूर्ण कमी असतानाचा वेग, या इंजिनाला मिनिटाला १४०० फेऱ्या, दीडशे इकडे-तिकडे, असा सांगतात. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने तो आणला. पायलट स्क्रू (आयडलचं मिश्रण जुळवणारा) थोडा बाहेर-आत करून जिथे आयडल सर्वांत उंच आणि गुळगुळीत लागतो ती जागा धरली, मग स्टॉप स्क्रूने पुन्हा १४०० केला. वरची मर्यादा लोडशिवाय साधारण ३८५० फेऱ्यांची, ती लिव्हरच्या मर्यादा स्क्रूने जुळते. स्प्रिंग ताणून किंवा वाकवून रेस वाढवायची नाही. हेच इंजिन जनरेटरवर असतं तर आकडा वेगळा धरावा लागला असता. दोन पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी ३००० आणि ६० हर्ट्झसाठी ३६०० फेऱ्याच लागतात, तिथे गव्हर्नरने ढिलाई केली तर विजेची वारंवारताच ढळते.

मग लिव्हर पूर्ण पुढे केली आणि कानांनी नाही, डोळ्यांनी बघितलं. जुन्या जोडणीत तार सतत पुढे-मागे ढकलत असायची. आता ती एका जागी थांबून नुसती थरथरत होती. चोक पूर्ण उघडा, लोड नाही, आणि आवाज एकसारखा. पंपाला पाणी लावलं. पाणी चढताच वेग क्षणभर पडला, तार थ्रॉटलच्या बाजूला सरकून थांबली, वेग सावरला, पण मूळ आकड्यापेक्षा किंचित खालीच स्थिरावला. हा फरक अशा स्प्रिंग-वजनाच्या गव्हर्नरमध्ये असतोच. थ्रॉटल जास्त उघडी राहायची तर आर्मला सरकावं लागतं, आर्म सरकला की स्प्रिंगचा ताण कमी होतो, आणि कमी ताणाशी बरोबरी व्हायची तर वजनांना कमी वेगच हवा. काकांना तो फरक खटकला. "भोक बदला ना, खिळीजवळ घ्या, पडणारच नाही." बदलून दाखवलं. वेग कमी पडला, पण लोड काढल्यावर तार लगेच पुढे-मागे करायला लागली. पुन्हा जुन्या भोकात लावली. काका काही बोलले नाहीत, फक्त बारीक स्प्रिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "ही राहू दे मग."

काही तास चालवल्यावर प्लग काढून पाहिला. पांढरट होता तो आता फिकट तपकिरी दिसत होता. नट थंड इंजिनावर पुन्हा तपासले, एक जण पाव आटा फिरला, कारण कोरं गॅस्केट दाबून बसायला वेळ घेतं. आता काम झालं की इंजिन स्विचने बंद करत नाही. कॉक बंद करतो आणि बाउलमधलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो. फार दिवस वापरायचं नसेल तर टाकीही रिकामी करतो, आणि बाउलचा ड्रेन बोल्ट उघडून उरलेसुरले थेंब काढतो, कारण आपोआप थांबलं तरी तळाला थोडं राहतंच. जुन्या कार्ब्युरेटरचा मुख्य जेट आणि फ्लोट चांगले होते, ते काढून डबीत ठेवलेत. जुनी तार आणि स्प्रिंगा मात्र वाकवून भंगारात टाकल्या. चुकून कोणी त्या पुन्हा कुठल्या इंजिनावर चढवल्या असत्या तर तेच सगळं नव्याने सुरू झालं असतं.